डॉ. पंचानन माहेश्वरी आणि बांडगूळ

आंब्याच्या फांदीवर कधी कधी निराळ्याच पानांचा दाट झुपका दिसतो. ते बांडगूळ. इकडे हिंदीत त्याला बांदा म्हणतात. या परजीवी वनस्पतीचा जन्म कसा होतो, याचा बारकाईने शोध घेणाऱ्या डॉ. पंचानन माहेश्वरी यांची ओळख आम्ही या अंकात करून देत आहोत.

माहेश्वरींचा जन्म ९ नोव्हेंबर १९०४ रोजी जयपूर येथे झाला. अलाहाबादच्या यूइंग ख्रिश्चन कॉलेजात त्यांना डजियन नावाचे अमेरिकन प्राध्यापक लाभले आणि त्यांच्यामुळेच वनस्पतिशास्त्राची गोडी लागली. गुरूंचे ऋण कसे फेडावे, असे त्यांनी एकदा विचारले. गुरूंनी आपल्याला जसे घडवले तसे शिष्यानेही आपल्या विद्यार्थ्यांना घडवावे, एवढीच दक्षिणा गुरूंनी मागितली. पुढचे सारे आयुष्य माहेश्वरी तीच दक्षिणा देत राहिले, असे आम्हांस वाटते.

१९३१ साली त्यांनी डी.एस्सी. पदवी मिळवली. आग्रा व ढाका येथे अध्यापन करून १९४९ साली ते दिल्ली विद्यापीठात विभागप्रमुख म्हणून आले आणि तो विभाग भ्रूणशास्त्राचे जगन्मान्य केंद्र बनला. खसखशीच्या झाडाचे परागण व फलन काचेच्या नळीत घडवून बी तयार करण्याचा प्रयोग येथेच १९६२ च्या सुमारास यशस्वी झाला.

बांडगुळावरचा अभ्यास त्यांनी सहकाऱ्यांसह १९५७ साली प्रसिद्ध केला. फुलांचे अतिशय पातळ काप घेऊन ते सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचे, हे काम वर्षानुवर्षे चालले. या कुळात इतर फुलांसारखे नीट वेगळे झालेले बीजांडच नसते, आणि भ्रूणकोश वाढत वाढत वर कुक्षीवृंतात शिरतो! बीही चिकट असते. फुलटोच्या पक्षी फळ खाऊन ते फांदीला पुसतो, तेथेच ते रुजते.

विद्यार्थी मित्रांनो, मग झाडाचे काय होते? बांडगुळाची पाने हिरवी असल्याने काही अन्न ते स्वतः बनवते. फांदीतून घेते ते मुख्यतः पाणी व क्षार. म्हणून नुकसान थोडेच असेल असे वाटते, पण तसे नाही. बांडगुळाची पर्णरंध्रे उघडीच राहतात आणि ते पाणी उपसत राहते. पाणी कमी पडले की झाडाच्या पानांना आपली रंध्रे मिटावी लागतात. रंध्रे मिटली की कार्बन डायऑक्साइड आत येत नाही, प्रकाशसंश्लेषण मंदावते आणि पुढची फांदी वाळू लागते. ज्वारीवरचा टारफुला तर जमिनीखालीच मुळाला चिकटतो. तो जेवढे अन्न ओढतो त्याहून कितीतरी जास्त हानी ज्वारीच्या पानांचे प्रकाशसंश्लेषण घटल्याने होते. अमरवेल मात्र तयार साखरच पळवते.

एवढे मोठे संशोधक असूनही माहेश्वरींनी राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन परिषदेच्या शालेय जीवशास्त्र पुस्तकासाठी वेळ दिला. विद्यापीठातील किती जण असे करतात, हा प्रश्न आमच्या मनात येतोच. १९६५ साली ते लंडनच्या रॉयल सोसायटीचे फेलो झाले. १८ मे १९६६ रोजी, वयाच्या ६१ व्या वर्षी, दिल्लीत त्यांचे निधन झाले. बांडगुळाचे काम मात्र थांबले नाही. त्यांच्याच विभागातील जोहरी आणि भटनागर यांचा या वनस्पतीवरील ग्रंथ १९७२ साली प्रकाशित झाला.