जिम कॉर्बेट आणि व्याघ्रजाती
व्याघ्र हा स्वभावतःच नरभक्षक, असा लोकांचा दृढ ग्रह आहे. तो ज्याने खोडून काढला, तो स्वतः शिकारी होता. जिम कॉर्बेट यांचा जन्म २५ जुलै १८७५ रोजी नैनीताल येथे झाला. कालाढुंगीच्या अरण्यात बालपणीच त्यांस पशुपक्ष्यांची बोली उमगू लागली. पुढे मोकामेह घाटावर त्यांनी वीस वर्षांहून अधिक काळ रेल्वेचे काम केले.

१९०७ साली त्यांनी चंपावतची वाघीण मारली. तिने ४३६ माणसे भक्षिली, अशी गणना आहे. कलेवर पाहता तिचे उजवीकडील वरचे व खालचे सुळे बंदुकीच्या गोळीने मोडलेले आढळले. नित्याचे भक्ष्य तिला धरता येईना. म्हणजे तिला नरभक्षक केले ते मनुष्यानेच! जखम वा वार्धक्य यांनी अगतिक झाल्यावाचून वाघ सहसा माणसाच्या वाटेस जात नाही, हे त्यांनी १९४४ च्या ग्रंथात विशद केले. तथापि १९३० साली पवलगढचा निरपराध वाघ त्यांनी हौसेखातर मारला, हेही सांगितले पाहिजे. एवढे जाणणाऱ्याच्या हातून हे घडावे! उत्तरायुष्यात मात्र बंदुकीपेक्षा कॅमेराच त्यांस प्रिय झाला.

१९३६ साली स्थापन झालेल्या हेली राष्ट्रीय उद्यानास पुढे त्यांचे नाव देण्यात आले. ते पाहण्यास ते नव्हते. १९४७ साली बहिणीसह केनियास गेलेल्या कॉर्बेट यांचे १९ एप्रिल १९५५ रोजी न्येरी येथे देहावसान झाले.