स्वामी कुवलयानंद : पोटातला दाब मोजणारा माणूस

मुंबईहून येताना खंडाळ्याचा घाट चढला की कानांना दडे बसतात आणि पिशवीतलं वेफर्सचं बंद पाकीट टम्म फुगतं. लोणावळा समुद्रसपाटीपासून सुमारे 600 मीटर उंच. बाहेरच्या हवेचा दाब कमी झाला, म्हणून पाकिटातली हवा पसरली. वर्गात हवेचा दाब शिकवताना मी हे उदाहरण हमखास देते. पण याच लोणावळ्यात एका माणसाने माणसाच्या पोटातल्या दाबाचा अभ्यास केला, हे आपण मुलांना क्वचितच सांगतो.

त्यांचं मूळ नाव जगन्नाथ गणेश गुणे. जन्म 30 ऑगस्ट 1883, गुजरातेत डभोईला. घरची गरिबी, तरी मॅट्रिकला संस्कृतची जगन्नाथ शंकरशेठ शिष्यवृत्ती मिळवली. बडोद्याला माणिकरावांच्या आखाड्यात व्यायाम शिकले, पुढे अमळनेरला शिक्षक झाले. म्हणजे आपल्यातलेच! नर्मदाकाठच्या मालसरला माधवदासजी हे गुरू भेटले आणि योग सुरू झाला.

हठयोगात बस्ती नावाची क्रिया आहे. साधक पाण्यात बसून नौली करतो आणि पाणी आपोआप वर आतड्यात चढतं. बघणाऱ्याला हा चमत्कार वाटायचा. गुणे गुरुजींना प्रश्न पडला, पाणी खालून वर चढतं तरी कसं? गुरूवर श्रद्धा पूर्ण होती. पण मोजून पाहिल्यावर गुरूने शिकवलेलं खोटं ठरलं तर? तरीही 1920-21 च्या सुमारास बडोद्याच्या रुग्णालयात त्यांनी विद्यार्थ्यांना घेऊन प्रयोग केले. क्ष-किरण मऊ मांसातून बरेचसे आरपार जातात, हाडांत अडतात, म्हणून पोट न फाडता आतलं चित्र मिळतं. दाबमापीने आतला दाबही मोजला.

उत्तर सरळ निघालं. श्वास पूर्ण सोडून पोट आत ओढलं आणि मधले स्नायू पुढे काढले की आतली जागा वाढते, दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी होतो. मग बाहेरची हवाच पाण्याला वर ढकलते. स्ट्रॉने उसाचा रस पितो तेव्हाही हेच घडतं. आपण ओढतो असं वाटतं, ढकलते मात्र हवा. (मुलांना स्ट्रॉच दाखवा, नौली घरी करून बघू देऊ नका.) पोटातल्या या निर्वाताला त्यांनी आपल्या गुरूंचं नाव दिलं, माधवदास निर्वात.

1924 साली त्यांनी लोणावळ्यात कैवल्यधाम स्थापन केलं आणि 'योगमीमांसा' हे त्रैमासिक काढलं. प्राणायामाने शरीराला भरपूर जादा ऑक्सिजन मिळतो, असं आजही कितीतरी जण सांगतात. स्वामीजींच्या प्रयोगांत तसं दिसलं नाही. सावकाश श्वासात मिनिटाला घेतली जाणारी एकूण हवा कमीच भरते. योगाचाच प्रचार करणाऱ्या माणसाला हा निष्कर्ष गैरसोयीचा होता. त्यांनी तो दडवला नाही. प्राणायामाचा फायदा दाबातले बदल आणि मज्जासंस्था यांत शोधला.

गांधीजींनीही प्रकृतीसाठी त्यांचा सल्ला घेतला होता. पुढे अमेरिकेतल्या येल विद्यापीठातून बेहानन नावाचे संशोधक त्यांच्याकडे शिकायला आले. 18 एप्रिल 1966 ला स्वामीजी गेले. कैवल्यधाम आजही लोणावळ्यात आहे, संशोधनही चालू आहे. सहल लोणावळ्याला निघाली तर चिक्कीच्या दुकानाआधी तिथे थांबता येईल का, हे आधी फोन करून विचारा.