ग्रंथपरीक्षक विष्णुशास्त्री

विष्णुशास्त्री चिपळूणकर यांचा जन्म २० मे १८५० रोजी पुण्यास झाला. त्यांचे वडील कृष्णशास्त्री हे नामांकित विद्वान होते. संस्कृत व इंग्रजी भाषांतील उत्तम ग्रंथ मराठीत आणण्याचे कार्य त्यांनी केले. अशा घरात वाढलेल्या विष्णुशास्त्र्यांना वाचनाचे वेड लागले, यात नवल ते काय?

त्या काळी शाळांसाठी ‘शालापत्रक’ नावाचे मासिक निघत असे. वडिलांच्या पाठोपाठ त्याचे संपादन विष्णुशास्त्र्यांकडे आले. कालिदास, भवभूती, बाण, सुबंधु आणि दंडी या संस्कृत कवींवर त्यांनी त्यात निबंध लिहिले. थोर कवींना नुसते वंदन करून ते थांबले नाहीत. काव्यात रस कोठे आहे आणि तो कोठे ओसरतो, हे त्यांनी वाचकांपुढे मांडले. परंतु मासिकातील त्यांचे परखड लेखन सरकारला रुचले नाही आणि १८७५ मध्ये ते बंद पडले.

तत्पूर्वीच, १८७४ च्या जानेवारीत, त्यांनी स्वतःचे मासिक काढले होते. त्याचे नाव ‘निबंधमाला’. तेव्हा त्यांचे वय अवघे तेवीस वर्षांचे होते आणि ते शाळेत शिक्षक होते. मालेचे ८४ अंक निघाले. त्यांतील जवळजवळ सर्व मजकूर त्यांच्या एकट्याच्या लेखणीतून उतरला होता! ग्रंथांवर टीका का व्हावी, या विषयावरही त्यांनी त्यात स्वतंत्र निबंध लिहिला.

मुलांनो, टीका म्हणजे निंदा, असा अनेकांचा समज असतो. मूळ संस्कृतात मात्र टीका म्हणजे ग्रंथाचा अर्थ उलगडून सांगणारे विवरण. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील पिंगुळी गावचे ठाकर कलावंत चित्रकथीचे पट दाखवून रामायण-महाभारतातील कथा सांगतात. सामान्य श्रोता कथेत रंगून जातो. जाणता श्रोताही रंगतो, पण कोणते चित्र सजीव उतरले आणि निवेदन कोठे रेंगाळले, हे त्याच्या ध्यानात राहते. असा जाणता वाचक मराठीत निर्माण व्हावा, ही विष्णुशास्त्र्यांची तळमळ होती. स्नेह्याचे पुस्तक म्हणून वाहवा करावी किंवा मोठ्या माणसाचे म्हणून मौन पाळावे, हे त्यांना मान्य नव्हते. लोकहितवादींसारख्या वयाने व मानाने वडील असलेल्या लेखकावरही त्यांनी कठोर टीका केली.

येथे एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. महात्मा जोतीराव फुले यांचा ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ १८७३ मध्ये प्रसिद्ध झाला. अस्पृश्य व शूद्र मानलेल्या लोकांवर शतकानुशतके झालेल्या अन्यायाचा त्यात जाब विचारला होता. विष्णुशास्त्र्यांनी फुल्यांच्या लेखनाचा समाचार घेतला, तो मुख्यतः त्यांच्या भाषेचा व व्याकरणाचा उपहास करून. फुल्यांची भाषा शेतकऱ्याच्या बोलीजवळची होती. ती पंडितांच्या कसोटीला उतरली नाही. मात्र ग्रंथात विचारलेला प्रश्न खरा की खोटा, याची निःपक्षपाती छाननी झालीच नाही. ज्या न्यायबुद्धीची टीकाकाराकडून अपेक्षा असते, ती येथे त्यांना सोडून गेली, असे आमचे मत आहे.

पुढे सरकारी नोकरीत त्यांची बदली रत्नागिरीस झाली. १८७९ मध्ये त्यांनी राजीनामा दिला आणि १८८० च्या जानेवारीत पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल सुरू केले. बाळ गंगाधर टिळक त्यांना येऊन मिळाले, मागून गोपाळ गणेश आगरकरही आले. १८८१ मध्ये ‘केसरी’ व ‘मराठा’ ही पत्रे निघाली. मात्र हा व्याप फार काळ पाहणे विष्णुशास्त्र्यांच्या नशिबी नव्हते. १७ मार्च १८८२ रोजी, वयाच्या एकतिसाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले. ‘निबंधमाला’ आणि ‘गुलामगिरी’ हे दोन्ही ग्रंथ अभ्यासक आजही शेजारी-शेजारी ठेवून वाचतात.