आयनेटडी आणि नंबरांची यादी सांभाळणारे जॉन पोस्टेल
अर्जुनी मोरगावात मी एका जुन्या, कमी रॅमच्या कॉम्प्युटरवर लिनक्स टाकलं, तेव्हा आयनेटडीशी ओळख झाली. हा ऑफिसच्या दारातल्या शिपायासारखा. एकटा जागा राहतो, कुणी आलं की पोर्ट नंबर बघून तीच सर्व्हिस उठवतो. बाकीच्या झोपलेल्या, म्हणून मेमरी वाचते. १९८६ च्या ४.३ बीएसडीमध्ये तो आला.

पण कुठला नंबर कुणाचा, हे आधीच ठरलेलं हवं. नाहीतर शिपाई भलत्यालाच उठवेल! ती यादी सांभाळली जॉन पोस्टेल यांनी.

त्यांचा जन्म १९४३ चा, कॅलिफोर्नियातला. यूसीएलएत शिकताना ते अर्पानेटच्या कामात आले. १९६९ पासून नेटवर्कचे नियम ज्यात लिहिले जातात, त्या आरएफसींचं संपादन त्यांच्याकडे आलं. नंबर वाटायला एकच माणूस असावा, असं त्यांनी १९७२ मध्ये सुचवलं, आणि ते काम स्वतःच अंगावर घेतलं. मे १९८३ मध्ये त्यांनी इको (७) आणि डेटाइम (१३) यांचे नियम लिहिले. या दोघांची उत्तरं आयनेटडी दुसरा प्रोग्राम न उठवता स्वतःच देऊ शकतो.

१६ ऑक्टोबर १९९८ ला, वयाच्या ५५ व्या वर्षी पोस्टेल गेले. सगळ्या जगाचा भरवसा इतकी वर्षं एका माणसावर होता. आता ती यादी संस्था सांभाळते.

तुमच्या लिनक्सवर ईटीसी फोल्डरातली सर्व्हिसेस नावाची फाईल उघडून बघा. ७ आणि १३ अजून त्याच जागी आहेत.