भा. रा. भागवत

भास्कर रामचंद्र भागवत (३१ मे, १९१० – २७ ऑक्टोबर, २००१) हे मराठी बालसाहित्यिक, पत्रकार आणि अनुवादक होते. फास्टर फेणे या कुमारनायकाचे जनक म्हणून ते सर्वपरिचित आहेत. मराठी मुलांना विज्ञानकथेची गोडी लावणाऱ्या आरंभीच्या लेखकांमध्येही त्यांची गणना होते. त्यांच्या कार्याचा हा दुसरा भाग तुलनेने कमी चर्चिला गेला आहे.

जीवन

भागवतांचा जन्म इंदूर येथे झाला. त्यांनी पत्रकारिता केली, आकाशवाणीसाठी काम केले आणि १९४२च्या 'चले जाव' चळवळीत भाग घेतला. त्यांच्या पत्नी लीलावती भागवत याही बालसाहित्यिका होत्या. आकाशवाणीच्या मुंबई केंद्रावरील 'वनिता मंडळ' या कार्यक्रमामुळे त्यांचे नाव घरोघरी पोहोचले होते.

बालमित्र

१९५१ साली भागवतांनी मुलांसाठी 'बालमित्र' हे मासिक सुरू केले. मराठीत मुलांच्या नियतकालिकांची परंपरा तेव्हा नवी नव्हती. विनायक कोंडदेव ओक यांचे 'बालबोध' १८८१पासून निघत होते. मात्र त्या परंपरेचा मुख्य भर ज्ञान आणि सदाचार यांवर होता. भागवतांना साहस, रहस्य आणि अद्भुत यांची ओढ होती. मुलाने गोष्ट वाचावी ती पुढे काय होते या उत्सुकतेने, बोध घेण्याची जबाबदारी म्हणून नव्हे, अशीच त्यांची सारी पुस्तके लिहिलेली आहेत.

याच सुमारास ब्रिटनमध्ये मुलांच्या साप्ताहिकांतून अंतराळकथा चित्ररूपाने अवतरत होत्या. एप्रिल १९५०मध्ये सुरू झालेल्या 'ईगल' साप्ताहिकातील डॅन डेअरच्या पथकात जोसलिन पीबडी ही स्त्री-शास्त्रज्ञ होती. २ नोव्हेंबर, १९५१ रोजी खास मुलींसाठी निघालेल्या 'गर्ल' या साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर तर केवळ स्त्रियांच्या वैमानिक पथकाची चित्रकथा होती. वाचक मुलींना ती फारशी रुचली नाही आणि पुढे तिची जागा शाळकरी मुलींच्या कथेने घेतली. छापील रंगीत चित्रकथेचे हे वैभव मराठी बालमासिकांच्या आवाक्याबाहेरचे होते. भागवतांचे माध्यम गद्याचेच राहिले, आणि चंद्र, धूमकेतू व समुद्रतळ त्यांना शब्दांतूनच उभे करावे लागले.

विज्ञानकथांची रूपांतरे

मराठीत विज्ञानकथेचा प्रवेश मासिकांतूनच झाला होता. विसाव्या शतकाच्या आरंभी 'केरळ कोकिळ' या मासिकात फ्रेंच कादंबरीकार ज्यूल व्हर्न यांच्या चंद्रप्रवासाचे भाषांतर आले आणि १९११मध्ये 'मनोरंजन' मासिकात श्री. बा. रानडे यांची 'तारेचे हास्य' ही कथा प्रसिद्ध झाली. हे लेखन प्रौढ वाचकांपुढे होते. भागवतांनी व्हर्न यांना मुलांच्या हाती दिले. 'चंद्रावर स्वारी', 'पाताळलोकची अद्भुत यात्रा', 'समुद्र सैतान' आणि 'मुक्काम शेंडेनक्षत्र' ही त्यांची व्हर्नवरून केलेली रूपांतरे मराठी कुमारांच्या दोन-तीन पिढ्यांनी वाचली.

रूपांतरकार म्हणून भागवतांची दृष्टी या शीर्षकांतच दिसते. 'स्वारी' हा शब्द बखरींतला आहे. त्यामुळे १८६५ सालच्या फ्रेंच कादंबरीतील तोफेच्या गोळ्यातून होणारे चंद्रप्रयाण इतिहासाच्या पुस्तकातील मोहिमेइतके ओळखीचे होते. पृथ्वीच्या पोटातील प्रवासाला त्यांनी पुराणातील पाताळलोक जोडला. 'समुद्र सैतान' हे नाव तर मूळ कथेच्या प्रारंभीच्या गैरसमजावर बेतलेले आहे: नॉटिलस ही पाणबुडी जगाला आधी अक्राळविक्राळ जलचरच वाटते. 'मुक्काम शेंडेनक्षत्र' हे शीर्षक सर्वांत सरस म्हणावे लागेल. धूमकेतूसाठी त्यांनी 'शेंडेनक्षत्र' हा लोकांच्या तोंडचा शब्द निवडला आणि त्याआधी पत्रावर गावाच्या नावामागे लिहितात तसा 'मुक्काम' लिहिला. आकाशातून वेगाने जाणारा गोल एवढ्याने टपाल पोहोचेल असे ठिकाण होऊन बसतो. लुईस कॅरल यांच्या ॲलिसचेही त्यांनी असेच देशीकरण केले. 'जाईची नवलकहाणी'मध्ये ती जाई झाली.

व्हर्न यांच्या साहसी पथकांत मुलींना जवळजवळ स्थान नाही. चंद्राकडे तीन पुरुष जातात, पृथ्वीच्या पोटातही तीन पुरुषच उतरतात. धूमकेतूवरील कादंबरीत मात्र शेळी सांभाळणारी नीना नावाची लहान इटालियन मुलगी आहे. मूळ साहित्याची ही मर्यादा रूपांतराला सहजी ओलांडता येत नाही. मराठी मुलीला नायिका म्हणून जाई भेटली, पण ती स्वप्नातल्या नवलनगरीत. यानात बसून ती कुठे गेली नाही.

उडती छबकडी

'उडती छबकडी' (१९६६) हे भागवतांचे विज्ञानकथेच्या क्षेत्रातील नाव घेतले जाणारे पुस्तक. १९४७च्या जूनमध्ये केनेथ आर्नल्ड या अमेरिकन वैमानिकाने आकाशात चमकत्या वस्तू पाहिल्याचे सांगितल्यावर उडत्या तबकड्यांची चर्चा जगभर पसरली, आणि मराठी वृत्तपत्रांनाही तो शब्द परिचित झाला. भागवतांनी 'तबकडी'ची 'छबकडी' केली. छबकडी म्हणजे गोजिरवाणी मुलगी. परग्रहावरून येणाऱ्या यानाची सारी भीती एका अक्षराच्या फरकाने नाहीशी होते.

मराठी विज्ञान परिषदेची स्थापना याच वर्षीची. परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेतून पुढे नवे लेखक आले. १९७४ साली जयंत नारळीकर यांनी टोपणनावाने पाठवलेली 'कृष्णविवर' ही कथा तेथेच पहिली आली. त्यानंतर मराठी विज्ञानकथेची चर्चा प्रामुख्याने वैज्ञानिक लेखकांभोवती फिरू लागली. मुलांसाठी केलेले लेखन, त्यातही रूपांतरे, या चर्चेत कडेला पडली. हा न्याय अपुरा आहे. स्पर्धेतल्या कथा वाचायला तयार असलेला तरुण वाचक आभाळातून पडलेला नव्हता. त्यातल्या कित्येकांनी शाळेत असतानाच चंद्रावर स्वारी केलेली होती.

फास्टर फेणे आणि इतर नायक

पुण्याजवळच्या फुरसुंगीचा बनेश फेणे हा शिडशिडीत, सायकल दामटणारा, 'ट्टॉक' असा आवाज काढणारा मुलगा वीस पुस्तकांचा नायक आहे. या कथा विज्ञानकथा नाहीत. तरीही रूपांतरांत घेतलेली काळजी येथेही आहे: अद्भुत प्रसंग ओळखीच्या जागी घडवायचा. फुरसुंगी नकाशावर सापडते, आणि तेथून निघालेला मुलगा प्रतापगडापर्यंत व काश्मीरपर्यंत पोहोचतो. बिपिन बुकलवार हा त्यांचा दुसरा नायक. पुस्तकांच्या नादी लागलेला मुलगाही साहसे करू शकतो, हे आडनावातच सांगून टाकणारा. शब्दांशी खेळण्याची ही सवय भागवतांनी स्वतःच्या नावालाही सोडली नाही. 'भाराभर गवत' हे त्यांच्या पुस्तकाचे नाव म्हणजे 'भा. रा. भागवत' या अक्षरांवरची कोटी आहे.

इतर माध्यमांत

१९८७ साली दूरदर्शनवर आलेल्या 'फास्टर फेणे' मालिकेत सुमीत राघवन यांनी शीर्षकभूमिका केली. २००१मध्ये भागवतांचे निधन झाले. २०१७च्या 'फास्टर फेणे' या मराठी चित्रपटात अमेय वाघ यांनी बनेश साकारला. त्यात भा. रा. भागवत हेही एक पात्र आहे. ती भूमिका दिलीप प्रभावळकर यांनी केली.