साचाखात्याचे दार : बाबासाहेब आणि कामगारांची संघटना

बाबासाहेबांचे चरित्र आपल्या विद्यार्थ्यांना तोंडपाठ असते. महू, सातारा, बडोदा, कोलंबिया, महाड, नाशिक, पुणे, येवला, नागपूर हे टप्पे पाचवीतला मुलगाही न अडखळता सांगतो. त्या यादीत मनमाड मात्र नसते, गिरणगाव नसते, आणि दिल्लीच्या मजूर खात्याचा उल्लेख आलाच तर तो एका ओळीत उरकला जातो. वास्तविक आपल्यासारख्या वसतिगृहांतून शिकून बाहेर पडलेली बहुसंख्य मंडळी रेल्वेत, एसटीच्या आगारात, नगरपालिकेत, वीज कंपनीत किंवा औद्योगिक वसाहतींतील कारखान्यांत रुजू झाली. नोकरीच्या पहिल्याच महिन्यात युनियनचा माणूस पावतीपुस्तक घेऊन समोर उभा राहतो, आणि मग घरी विचारणा होते : सभासद व्हावे की न व्हावे? पालक हा प्रश्न आम्हांलाही विचारतात. त्यात नुसती वर्गणीची कुरकुर नसते. युनियनच्या कार्यकारिणीत आपले कोणी नाही, बढतीच्या यादीवरून झालेल्या तक्रारीत युनियन आपल्या बाजूने उभी राहिली नाही, मग तिचे ओझे आपण का वाहावे, अशी एक जुनी ठसठस त्यामागे असते. हाच प्रश्न बाबासाहेबांपुढे १९२८ साली उभा राहिला होता, आणि पुढील जवळजवळ वीस वर्षे तो त्यांच्यासोबत राहिला. म्हणून या स्मरणिकेत त्यांच्या चरित्रातील तेवढाच धागा आम्ही उलगडून पाहत आहोत.

कामगारवस्तीशी बाबासाहेबांचे नाते पुस्तकी नव्हते. सुभेदार रामजी मुलांना घेऊन मुंबईत आले ते लोअर परळच्या डबक चाळीत. पुढे परळच्याच इम्प्रुव्हमेंट ट्रस्टच्या चाळीतील ५० आणि ५१ क्रमांकाच्या दोन खोल्या हे त्यांचे घर झाले. परदेशातील दोन मोठ्या विद्यापीठांत अर्थशास्त्राचा अभ्यास करून, बॅरिस्टर होऊन परतलेला हा विद्वान १९२३ नंतरही अनेक वर्षे त्याच चाळीत राहिला. आजूबाजूची वस्ती गिरण्यांच्या भोंग्यावर उठणारी आणि भोंग्यावर झोपणारी. १९२४ साली बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली, तिचे कार्यालयही परळच्या दामोदर हॉलमध्येच होते. पुढच्या वर्षी याच सभेने सोलापूरला विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह उघडले, ही गोष्ट आपल्या वाचकांनी ध्यानात ठेवावी. शिक्षण आणि कामगारांचा प्रश्न एकाच छपराखाली हाताळला जात होता.

त्या काळच्या कापड गिरणीत खात्याखात्यांत फरक असे. कताईच्या रिंगखात्यात मजुरी कमी. विणकामाच्या साचाखात्यात ती बरीच अधिक. परंतु साचाखात्याचे दार अस्पृश्य कामगाराला बंद होते. कारण ऐकले तर आजच्या मुलांना नवल वाटेल. धोट्यातील कांडीवरचे सूत संपले की नवी कांडी बसवून धाग्याचे टोक धोट्याच्या छिद्रातून तोंडाने ओढून घ्यावे लागे. एकाने तोंड लावलेला धोटा दुसऱ्याच्या हाती जाणार, म्हणून सवर्ण विणकर अस्पृश्याला शेजारी उभा राहू देत नसत. तोंडाने धागा ओढण्याची ही पद्धत छातीच्या रोगाला आमंत्रण देणारी होती ते वेगळेच. विटाळाची धास्ती मात्र रोगाच्या धास्तीहून मोठी ठरली. आणि या प्रकरणातील खरी टोचणी पुढेच आहे. ही बंदी गिरणीमालकांनी घातलेली नव्हती. ती सोबतच्या कामगारांनी घातली होती, आणि त्याच कामगारांच्या बळावर युनियन उभी होती.

एप्रिल १९२८ मध्ये मुंबईच्या गिरण्यांत सार्वत्रिक संप सुरू झाला. एका विणकऱ्याने दोनऐवजी तीन साचे चालवावेत, कमी माणसांत अधिक काम व्हावे, अशी मालकांची योजना होती. मजुरीलाही कात्री लागणार होती. सुमारे दीड लाख कामगार बाहेर पडले आणि ऑक्टोबरपर्यंत, म्हणजे तब्बल सहा महिने, बाहेर राहिले. याच काळात गिरणी कामगार युनियन उभी राहिली; कॉम्रेड डांगे, आळवे, कासले, मिरजकर, जोगळेकर ही तिची पुढारी मंडळी. अस्पृश्य कामगारही या संपात होते. उपाशी तेही राहिले, वाण्याचे कर्ज त्यांच्याही डोक्यावर चढले. साच्यांची संख्या वाढू नये म्हणून ते झगडत होते आणि त्या साच्यांपाशी उभे राहण्याचा हक्क त्यांना नव्हता.

बाबासाहेबांनी संपाच्या पुढाऱ्यांपुढे अट ठेवली. गिरणीतील प्रत्येक खाते अस्पृश्य कामगारांना खुले करण्याची मागणी संपाच्या मागण्यांत घाला, नाहीतर आमच्या लोकांनी या संपात का राहावे याचे उत्तर द्या. पुढाऱ्यांनी ती मागणी घेतली, पण मनापासून नव्हे. सवर्ण विणकर बिथरतील ही भीती त्यांना होती. मालकांनी हात झटकून सांगितले की हा अन्याय असलाच तर तो आमचा नव्हे. ते म्हणणे खोटे नव्हते, आणि सोयीचेही होते.

पुढच्या वर्षीची हकीकत सांगताना अनेक चरित्रकार पानाचा वेग वाढवतात. आम्ही तसे करणार नाही. २६ एप्रिल १९२९ रोजी दुसरा सार्वत्रिक संप पुकारला गेला. युनियनचे बरेचसे पुढारी त्याआधीच मीरत खटल्यात पकडले गेले होते. सहा महिन्यांच्या पहिल्या संपाची कर्जे कामगारांच्या अंगावर तशीच होती. बाबासाहेबांनी या संपाला विरोध केला आणि आपल्या लोकांना कामावर जाण्यास सांगितले. संप फसला. कम्युनिस्टांनी हा निर्णय त्यांना दीर्घकाळ माफ केला नाही. आमच्या मते, त्या घडीला पोटावर मार कोणाला सर्वांत आधी बसणार होता हे पाहिले तर त्यांचा निर्णय समजतो. परंतु फुटलेल्या संपाची किंमत पुढे सर्वच कामगारांनी मोजली हेही नाकारता येत नाही. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि एकीने दुसरी पुसली जात नाही. बाबासाहेबांनाही त्यातून एक गोष्ट उमगली असावी, कारण त्यानंतरचा त्यांचा प्रवास संघटनेपासून दूर जाणारा नाही, तिच्या अधिक जवळ जाणारा आहे.

मुंबईच्या सफाई कामगारांची म्युनिसिपल कामगार संघ ही संघटना त्यांच्याच नेतृत्वाखाली उभी राहिली. ऑगस्ट १९३६ मध्ये त्यांनी पक्ष काढला त्याचे नावच स्वतंत्र मजूर पक्ष असे ठेवले, आणि १९३७ च्या निवडणुकीत त्याचे बहुतेक उमेदवार मुंबई विधिमंडळात गेले. १० जानेवारी १९३८ रोजी खोतीविरुद्ध शेतकऱ्यांचा मोर्चा विधिमंडळावर आला. आणि पुढच्याच महिन्यात मनमाड.

१२ आणि १३ फेब्रुवारी १९३८ रोजी मनमाडला जी. आय. पी. रेल्वेतील अस्पृश्य कामगारांची परिषद भरली. अध्यक्ष बाबासाहेब. रेल्वेत गिरणीचीच कहाणी निराळ्या गणवेशात होती. अस्पृश्य माणूस रूळांवर गँगमन म्हणून लागायचा आणि गँगमन म्हणूनच निवृत्त व्हायचा. त्याला पोर्टरही करीत नसत, कारण स्टेशनमास्तर पोर्टरकडून घरची कामे करून घेई, आणि घरात अस्पृश्य कसा चालणार? कारखान्यात तो हमाल. मेकॅनिक, फोरमन या जागा त्याच्यासाठी नव्हत्याच. अशा लोकांची वेगळी परिषद घेतली म्हणून बाबासाहेबांवर कामगारांची एकजूट फोडल्याचा आरोप झाला. त्यांनी त्याला सरळ उत्तर दिले. एकजूट आमच्या परिषदेने फुटत नाही. एका कामगाराला जे हक्क आहेत ते दुसऱ्याला जन्मामुळे नाकारले जातात, तेथे ती आधीच फुटलेली आहे. या देशातील कामगारांचे दोन शत्रू त्यांनी सांगितले, ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही. आणि ब्राह्मणशाही म्हणजे एक जात नव्हे, तर स्वातंत्र्य, समता व बंधुता नाकारणारी वृत्ती, जी कोणत्याही जातीच्या कामगारात असू शकते, असेही बजावले.

या भाषणातील एवढाच भाग आपल्याकडे वारंवार सांगितला जातो. त्याचा उरलेला भाग आम्हांला आज अधिक उपयोगाचा वाटतो. देशातील कामगार संघटनांची स्थिती वाईट आहे, त्यांचे नेतृत्व कोठे भित्रे, कोठे स्वार्थी, कोठे भरकटलेले आहे, अशी कठोर टीका त्यांनी त्या व्यासपीठावरून केली. पण त्या टीकेचा निष्कर्ष संघटनेत जाऊ नका असा त्यांनी काढला नाही. संघटनेवाचून कामगाराला तरणोपाय नाही, हे त्यांनी गृहीतच धरले होते. वेगळी संघटना काढावी की असलेल्या संघटनेत शिरावे, हा निर्णय त्यांनी कामगारांच्या विचारावर सोपवला. मात्र असलेल्या संघटनेत जायचे तर तिच्या कार्यकारी मंडळात आपले प्रतिनिधी असावेत असा आग्रह धरण्यास सांगितले. शिवाय कामाचे तास, मजुरी, नुकसानभरपाई हे सारे शेवटी कायद्याने ठरते, तेव्हा कामगाराने राजकारणापासून फटकून राहणे म्हणजे स्वतःचा प्रश्न दुसऱ्याच्या हाती देणे होय, ही त्यांची मांडणी होती.

त्याच वर्षी मुंबईच्या काँग्रेस सरकारने औद्योगिक कलहाचे विधेयक आणले. संपापूर्वी तडजोडीची लांबलचक प्रक्रिया सक्तीची आणि ती डावलून संप केल्यास तुरुंग, असे त्याचे स्वरूप होते. कोणती संघटना मान्य धरायची यात मालकाच्या इच्छेला मोठे स्थान होते. सप्टेंबरमध्ये विधिमंडळात बाबासाहेबांनी त्यावर कडाडून हल्ला केला. माणसाला त्याच्या इच्छेविरुद्ध काम करण्यास भाग पाडणे ही गुलामगिरी, मग संप करणे हा गुन्हा कसा, हा त्यांच्या युक्तिवादाचा गाभा होता. ७ नोव्हेंबर १९३८ रोजी विधेयकाविरुद्ध एक दिवसाचा संप झाला. आदल्या दिवशीच्या सभेत बाबासाहेब आणि कम्युनिस्ट पुढारी एकाच व्यासपीठावर होते. नऊ वर्षांपूर्वीचे सारे वैर पोटात घालून! संपाच्या दिवशी पोलिसांचा गोळीबारही झाला. विधेयक बहुमताच्या जोरावर मंजूर झाले. तरीही १९२९ साली संपाविरुद्ध उभा राहिलेला नेता १९३८ साली संपाच्या हक्कासाठी रस्त्यावर उतरला, याची नोंद करणे आम्हांला अगत्याचे वाटते.

जुलै १९४२ मध्ये ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सभासद झाले. सरकार, मालक आणि कामगार या तिघांची एकत्र परिषद त्यांच्या कारकिर्दीत स्थिरावली. बारमाही चालणाऱ्या कारखान्यांतील कामाचे तास आठवड्याला ५४ वरून ४८ वर आणणारी दुरुस्ती त्यांनीच १९४६ साली मांडली. परंतु आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे ते नोव्हेंबर १९४३ चे विधेयक. १९२६ च्या कायद्याने संघटनेची नोंदणी होत होती, पण नोंदणी झालेल्या संघटनेशी मालकाने बोललेच पाहिजे असे बंधन नव्हते. हजार सभासदांची युनियनही मालकाच्या दारात तिष्ठत राही. जी संघटना खऱ्या अर्थाने कामगारांची प्रतिनिधी आहे तिला मालकाने मान्यता दिलीच पाहिजे, न दिल्यास दंड, असे या विधेयकात होते. ते तेव्हा पुढे सरकले नाही. १९४७ साली तशी दुरुस्ती मंजूर झाली, पण ती कधी अंमलात आणलीच गेली नाही.

महाराष्ट्रात १९७१ च्या कायद्याने ही उणीव काही प्रमाणात भरून काढली. सलग सहा महिने किमान ३० टक्के कामगार सभासद असतील तर संघटनेला मान्यता मिळू शकते, आणि त्या मान्य संघटनेने केलेला करार सभासद नसलेल्या कामगारालाही लागू होतो. पालकांना आम्ही हे मुद्दाम सांगतो. बाहेर राहिलेल्या मुलाला करार चुकत नाही. करार करणारे निवडताना त्याचे मत मात्र नसते. आणि एकदा माहिती घेतल्यावर पावती फाडायची की नाही हे त्याने स्वतःच ठरवायचे आहे.

जून १९४६ मध्ये बाबासाहेब मजूर खात्यातून बाहेर पडले. पुढचा इतिहास, संविधान आणि दीक्षाभूमीचा, सर्वांना ज्ञात आहे. ६ डिसेंबर १९५६ रोजी दिल्लीत त्यांचे महापरिनिर्वाण झाले आणि रात्री विमानाने त्यांचा देह मुंबईस आणला गेला. दुसऱ्या दिवशी कोणत्याही युनियनने हाक दिली नसताना गिरण्या, गोद्या आणि रेल्वेच्या कारखान्यांतील हजारो कामगार कामावर गेले नाहीत. ते दादरच्या चौपाटीकडे चालत निघाले होते.