वहीतला प्रश्न

संध्याकाळी अंधार पडला, की आपण भिंतीवरचे बटण दाबतो आणि खोली क्षणात उजळते. ही वीज दूरच्या वीजकेंद्रातून येते. कोयनेच्या जलविद्युत केंद्रात पाण्याच्या जोराने मोठी जनित्रे फिरतात आणि वीज तयार होते. जनित्र ज्या शोधावर चालते, तो शोध लंडनमधील एका लोहाराच्या मुलाने लावला. त्या मुलाचे नाव मायकेल फॅरेडे.

थोर माणसांना नव्या कल्पना एकाएकी सुचतात, असे आपल्याला वाटते. फॅरेडे यांचे चरित्र वेगळेच सांगते. बी पेरावे, पाणी घालावे आणि वाट पाहावी, तशी त्यांनी आपली कल्पना वाढवली. ते शेत म्हणजे त्यांची वही.

मायकेलचा जन्म २२ सप्टेंबर १७९१ रोजी झाला. वडील आजारी असत. त्यामुळे घरात नेहमी टंचाई असे. मायकेलला थोडेसे लिहिणे, वाचणे आणि हिशेब करणे एवढेच शिक्षण मिळाले. तेराव्या वर्षी तो रिबो नावाच्या पुस्तकविक्रेत्याकडे कामाला लागला. आधी तो घरोघर वर्तमानपत्रे पोहोचवत असे. पुढे तो पुस्तके बांधायला शिकला.

बांधणीसाठी आलेली पुस्तके मायकेल नुसती शिवत नसे, ती वाचतही असे. एका ज्ञानकोशात त्याने विजेविषयीचा लेख वाचला आणि त्याला विजेचा नाद लागला. याच काळात आयझॅक वॉट्स यांचे मनाच्या सुधारणेवरचे एक पुस्तक त्याच्या हाती आले. विचार कसा करावा, हे त्यात सांगितले होते. नीट निरीक्षण करावे, वाचलेले आणि सुचलेले लिहून ठेवावे, व्याख्याने ऐकावीत आणि आपले विचार मित्रांशी बोलून पारखावेत, असा त्या लेखकाचा उपदेश होता. पुष्कळ लोक असा उपदेश वाचतात आणि विसरतात. मायकेलने तो आचरणात आणला. त्याने एक वही केली आणि वाचलेल्या नव्या गोष्टी तो तिच्यात लिहू लागला. संध्याकाळच्या विज्ञान व्याख्यानांना तो जाऊ लागला. त्यासाठी लागणारा एक शिलिंग त्याचा थोरला भाऊ देई.

१८१२ साली दुकानातील एका गिऱ्हाइकाने त्याला प्रसिद्ध रसायनशास्त्रज्ञ हम्फ्री डेव्ही यांच्या व्याख्यानांची तिकिटे दिली. मायकेलने चार व्याख्याने ऐकली. घरी येऊन त्याने ती आकृत्यांसह सविस्तर लिहून काढली, स्वतःच्या हातांनी त्यांचे पुस्तक बांधले आणि ते डेव्हींना पाठवले. त्या वेळी जागा रिकामी नव्हती. पण पुढच्याच वर्षी, मार्च १८१३ मध्ये, डेव्हींनी त्याला रॉयल इन्स्टिट्यूशन या संस्थेच्या प्रयोगशाळेत मदतनीस म्हणून घेतले. वहीने मायकेलला प्रयोगशाळेचे दार उघडून दिले.

१८२० साली डेन्मार्कमधील ओर्स्टेड यांना एक नवल आढळले. तारेतून वीज वाहू लागली, की जवळच्या होकायंत्राची सुई हलते. म्हणजे विजेपासून चुंबकत्व मिळते. ही बातमी युरोपभर पसरली. फॅरेडे यांनी त्यावर पुष्कळ विचार केला आणि मग प्रश्न उलटा केला. विजेपासून चुंबकत्व मिळते, तर चुंबकापासून वीज का मिळू नये? हा प्रश्न इतरांच्याही मनात आला होता. फॅरेडे यांनी मात्र तो १८२२ साली आपल्या वहीत लिहिला आणि पुढे कधी सोडला नाही.

उत्तर लवकर मिळाले नाही. त्यांनी १८२४ साली प्रयोग केला, तो फसला. १८२५ साली पुन्हा केला, तोही फसला. १८२८ सालीही यश आले नाही. दरम्यान इतर कामे चालूच होती. प्रत्येक फसलेला प्रयोग त्यांनी लिहून ठेवला. असा प्रयोग त्यांना निरुपयोगी वाटत नसे. या वाटेने जाऊन झाले, आता दुसरी वाट पाहू, एवढाच अर्थ ते त्यातून घेत.

२९ ऑगस्ट १८३१ चा दिवस उजाडला. फॅरेडे यांनी एक लोखंडी कडे घेतले. कड्याच्या एका बाजूला तांब्याच्या तारेचे वेढे दिले. दुसऱ्या बाजूला वेगळ्या तारेचे वेढे दिले. एक तार बॅटरीला जोडायची होती. दुसऱ्या तारेजवळ चुंबकसूची ठेवली होती. बॅटरी जोडताच सूची किंचित हलली आणि पुन्हा स्थिर झाली. बॅटरी काढली, तेव्हा सूची पुन्हा हलली. मधल्या वेळात वीज वाहत असूनही ती अगदी शांत होती.

घाईचा माणूस या हालचालीकडे दुर्लक्ष करून गेला असता. फॅरेडे तिथेच थांबले. वीज सुरू होताना आणि बंद होतानाच सूची का हलते? चुंबकत्व नुसते असून भागत नाही, ते बदलले पाहिजे, हे हळूहळू त्यांच्या ध्यानात आले. त्यांनी हीच कल्पना निरनिराळ्या रीतींनी पारखली. १७ ऑक्टोबरला त्यांनी तारेच्या वेटोळ्यात लोहचुंबक झटकन आत घातला आणि बाहेर काढला. तेव्हाही वीज निर्माण झाली. २८ ऑक्टोबरला त्यांनी एका मोठ्या चुंबकाच्या दोन टोकांमध्ये तांब्याची चकती फिरवली. चकती फिरत होती, तोपर्यंत वीज मिळत राहिली. हेच पहिले जनित्र होय. वहीतल्या प्रश्नाला नऊ वर्षांनी उत्तर मिळाले होते.

फॅरेडे यांना उच्च गणित येत नव्हते. ही उणीव त्यांनी चित्रांनी भरून काढली. चुंबकावर कागद ठेवून लोखंडाचा कीस टाकला, की त्याच्या वक्र रेषा दिसतात. त्या रेषा पाहून, चुंबकाभोवतालची सगळी जागा बलरेषांनी भरलेली आहे, अशी कल्पना त्यांनी केली. पुढे मॅक्सवेल यांनी तिला गणिताचे रूप दिले.

जुने अपयशही फॅरेडे यांच्या कामी आले. चांगली काच बनवण्यासाठी त्यांनी काही वर्षे खर्च केली होती. तेव्हा म्हणावे तसे फळ मिळाले नाही. १८४५ साली त्याच जड काचेतून प्रकाश पाठवून, चुंबकाचा प्रकाशावर परिणाम होतो, हे त्यांनी सिद्ध केले.

उतारवयाच्या आधीच त्यांची स्मरणशक्ती कमी होऊ लागली. विचारांवर जगणाऱ्या माणसाला याहून मोठे दुःख कोणते? पण त्यांची वही काही विसरत नव्हती. तिच्यातील नोंदींना ते क्रमांक देत. हे क्रमांक सोळा हजारांच्या पुढे गेले. एका जुन्या नोंदीवरून दुसरी नोंद शोधता येई आणि तुटलेला धागा पुन्हा जुळे.

त्यांनी मोठे किताब नाकारले. मुलांसाठी नाताळात विज्ञानाची व्याख्याने मात्र आवडीने दिली. साध्या मेणबत्तीवरही त्यांनी अनेक व्याख्याने दिली. २५ ऑगस्ट १८६७ रोजी त्यांचे निधन झाले.

त्याआधी, १८६२ साली, त्यांनी ज्योतीच्या प्रकाशावर चुंबकाचा परिणाम होतो का, हे पाहिले. काहीच दिसले नाही. त्यांनी तेही लिहून ठेवले. पुढे हॉलंडमधील झीमन यांनी या प्रयत्नाविषयी वाचले आणि १८९६ साली अधिक चांगल्या उपकरणांनी तोच प्रयोग केला. तो यशस्वी झाला. त्या कामासाठी झीमन यांना १९०२ साली नोबेल पारितोषिकाचा मान मिळाला. वहीत लिहिलेला प्रश्न लिहिणाऱ्याच्या मागेही जिवंत राहतो, तो असा.

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) मायकेलला विजेचा नाद कशामुळे लागला?
(आ) ओर्स्टेड यांना कोणते नवल आढळले?
२. फसलेल्या प्रयोगांचा फॅरेडे यांना काय उपयोग झाला, ते चार-पाच वाक्यांत लिहा.
३. वाक्यात उपयोग करा : नाद लागणे, ध्यानात येणे, कामी येणे.
४. करून पाहा : एक छोटी वही करा. आठवडाभर रोज सुचलेला एक प्रश्न तिच्यात लिहा. त्यातील एक प्रश्न उलटा करून मित्रांशी चर्चा करा.